दाराआधी तोरण

माझ्या साडूच्या घराला दार आहे. सागवानी नसेल, पण सागवानी दिसतं. त्याला पितळी कडी आहे, बाहेर कोण आलंय ते बघायचं भिंगाचं भोक आहे आणि वर साडूचं आडनाव कोरलेली पाटी आहे. हे इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण आमच्या घराला दार नाही. चौकटसुद्धा नाही. चौकटीच्या जागी एक उंच भगदाड आहे आणि त्या भगदाडाचा हप्ता दर महिन्याला माझ्या पगारातून न चुकता जातो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो चांगला आहे. हाक मारली की येतो, जड सामान स्वतः उचलतो, मला 'दाजी' म्हणतो आणि माझे तेच तेच विनोद ऐकून दर वेळी हसतो. अशा माणसावर जळायचं म्हणजे फार ताकद लागते. ती मी कमावली आहे.

घर आम्ही दोघांनी एकाच रविवारी, एकाच स्कीममध्ये बघितलं. चऱ्होलीत तेव्हा जिकडेतिकडे ज्वारीच्या रानात पत्रे ठोकून बुकिंग ऑफिसं उभी राहिली होती. आमच्या स्कीमच्या ऑफिसात नमुन्याचा फ्लॅट होता. त्यातल्या डायनिंग टेबलावर थर्माकोलची सफरचंदं होती आणि टायवाला मुलगा आम्हाला 'सर' म्हणत होता. मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, याचाच मला पगार मिळतो. साडू तळवड्याच्या एका छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर. माझा डिप्लोमा, त्याचं आयटीआय. साहजिकच प्रश्न मी विचारत होतो आणि तो सफरचंद खरं आहे का ते दाबून बघत होता.

"दाजी, ए विंगचं काम चालू झालंय," तो म्हणाला. "दोघंही तिथंच घेऊ की. शेजारी शेजारी."

ए विंग रस्त्याच्या बाजूला होती. बाल्कनीतून समोर ट्रान्सफॉर्मर. बी विंग मागं, आणि टायवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या सातव्या मजल्यावरून इंद्रायणी दिसणार होती.

"साडूभाऊ," मी आवाजात शक्य तेवढं वडीलपण आणून म्हणालो, "घर आयुष्यात एकदा घेतात. रोज उठून ट्रान्सफॉर्मर बघायचाय का नदी?"

"नदी काय, पुलावरून जाताना दिसते की," तो म्हणाला आणि ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बुकिंग करून मोकळा झाला. परतीच्या वाटेवर मी बायकोला म्हणालो, "तुझ्या मेहुण्याला दृष्टी नाही." ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ मला साधारण दोन वर्षांनी कळतो.

त्यानंतर ए विंग वर वर जात राहिली. बी विंगचा सांगाडा झाला, भिंती सातव्यापर्यंत आल्या, आणि बिल्डरचं आणि त्याच्या भागीदाराचं बिनसलं. काम थांबलं. ऑफिसात गेलं की टायवाला सणावारानं तारखा द्यायचा. पाडव्याला ताबा, गणपतीला ताबा, दसऱ्याला ताबा. कुठल्या दसऱ्याला, हे विचारायचं मला, म्हणजे क्वालिटीतल्या माणसाला, सुचलं नाही. बँकेला या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. तिनं पैसे मोजून दिले होते, आता ती मोजून घेत होती, आणि तेही अजून नुसतं व्याज. घर वाढत नव्हतं, मुद्दल घटत नव्हतं. "घटतंय ते फक्त माझं वजन," असं मी एकदा म्हणालो. "कुठं घटलंय?" बायको म्हणाली.

राहायला आम्ही मोशीत, भाड्यानं. घरमालक मूळ गावातला. जमीन विकून त्यानं चार मजले बांधले होते. खाली दोन म्हशी, वर आम्ही भाडेकरू. म्हातारा पांढऱ्या टोपीतला, बोलायला रोखठोक. इतकी वर्षं भाडं भरूनही तो मला 'पाव्हणं' म्हणायचा, म्हणजे एक दिवस जाणार हे गृहीतच. त्याचा नियम एकच होता: भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आरसा फडताळावर टेकवलेला आणि आमच्या लग्नाचा मोठा फोटो कपाटामागं भिंतीकडं तोंड करून उभा. लेक लहान असताना विचारायची, "बाबा, तुम्हाला शिक्षा केलीय का?"

गेल्या वर्षी श्रावणात साडूला ताबा मिळाला. वास्तुशांत दिवाळीच्या पाडव्याला ठरली. सांगायला तो पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही नसता तर मी बुकिंगच केलं नसतं." हे खरंच होतं. म्हणूनच पेढा घशाखाली उतरेना.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, "आपण दसऱ्याला कलशपूजन करून घेऊ."

"कुठं?"

"आपल्या घरात."

"त्याला दार नाही."

"कलशाला दार लागत नाही. पाट लागतो."

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. मी थोरला साडू. तिच्या माहेरी पहिला जावई. थोरल्याच्या घरात आधी देव जायला हवा, मग धाकट्याच्या. शिवाय साडेतीन मुहूर्तांत दसरा पूर्ण, दिवाळीचा पाडवा अर्धा. ती पोळपाट पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे त्याच्या अर्ध्यावर तुम्हाला पूर्ण लावायचाय." इतकं स्पष्ट बोलायची गरज नव्हती.

दसऱ्याला साइटवर मशीनची पूजा असते, काम नसतं. साइटचा सुपरवायझर मवाळ निघाला. म्हणाला, "जा साहेब, पण प्रत्येकानं हेल्मेट घालायचं. वरून काही पडलं तर माझी नोकरी जाईल." लिफ्टच्या जागी विहिरीसारखा खड्डा. सात मजले जिन्यानं. गुरुजींना त्या दिवशी आणखी बऱ्याच पूजा होत्या. त्यांनी खालून वर बघितलं आणि दक्षिणा आधीच सांगून टाकली. मग सोवळ्यावर पिवळं हेल्मेट घालून ते चढले. पाट, कलश, नारळ, समई, सासूबाई, सगळं वर गेलं. गॅसची छोटी टाकी खांद्यावर घेऊन कोण चढलं? साडू. दोनदा चढला. दुसऱ्यांदा सासूबाईंसाठी खुर्ची घेऊन. मदत करतो याचाच मला राग येत होता, आणि त्याला दमही लागत नव्हता.

तोरण बांधायला चौकट नव्हती. भगदाडाच्या दोन्ही बाजूंनी गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या, त्यांना बांधकामाच्या तारेनं झेंडूचं तोरण बांधलं. ईशान्य कोपरा कुठला, असं गुरुजींनी विचारलं. मी आत्मविश्वासानं दाखवला. साडूनं हळूच मोबाइलवर दिशा बघितली आणि पाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला.

पूजा झाली. आता दूध उतू जायला हवं होतं. पण खिडक्या नसलेल्या सातव्या मजल्यावर इंद्रायणीकडून जो वारा येतो, तो टायवाल्यानं सांगितला नव्हता. शेगडी पेटायची आणि विझायची. बायकोनं पदर आडवा धरला, मेहुणीनं ताट धरलं, लेकीनं सिमेंटची रिकामी गोणी धरली. दूध कोमट होऊन बसलं होतं. गुरुजी घड्याळाकडं बघून म्हणाले, "उतू गेलं असं समजू."

"नाही," मी म्हणालो. साडूचं पाडव्याला उतू जाणार होतं. त्याच्या ओट्यावर, बंद खिडक्यांत, टाइल्सवर. माझं 'समजायचं' कसं?

शेवटी साडूच जमिनीवर आडवा झाला, शेगडीच्या वाऱ्याच्या बाजूला, अंगानं भिंत करून. नवा शर्ट सिमेंटनं माखला. दूध भसकन वर आलं आणि थोडं त्याच्या बाहीवर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला काय वाटत होतं ते हेल्मेटखाली होतं.

आहेरात घड्याळं आली. आमच्याकडं नवं घर म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, हा नातेवाइकांचा एकमुखी निकाल असतो. साडूनं दिलेलं सगळ्यात मोठं. सोनेरी कडा, आणि काचेवर त्याचं संपूर्ण नाव, 'सप्रेम भेट'.

फोटो लेकीनं काढले. हेल्मेटं कापली, सळया कापल्या. उरलं ते झेंडू, रांगोळी, कलश आणि आम्ही दोघं हात जोडून. तिनं ते स्टेटसला टाकले. मी पण टाकले. खाली लिहिलं, 'स्वप्नपूर्ती'. गावाकडून दिवसभर अभिनंदन येत होतं. ज्या चुलत भावानं आयुष्यात मला कधी विचारलं नाही, त्यानं विचारलं, "कुठला मजला, भावा?" मी लिहिलं, "सातवा. रिव्हर व्ह्यू." जळणारा माणूस दुसऱ्याला जळताना बघून किती शांत झोपतो, ते त्या रात्री कळलं.

सकाळी घरमालक दारात.

"पाव्हणं, पेढं न्हाई दिलं? सुनंनं मोबाइलमदी दावलं. झालं म्हनं घर."

"हो, म्हणजे..." मी म्हणालो.

"लई ब्येस. मी म्हनलंच व्हतं सुनंला, पाव्हण्याचं घर झाल्याबिगर मी खोल्या मागनार न्हाई. आता तुळशीच्या लग्नानंतर नातवाचं लगीन हाय. तवर खोल्या मोकळ्या केल्या तर रंग मारून घीन म्हनतो. जमंल न्हवं?"

आत बायकोच्या हातातलं भांडं वाजलं. बोलायची वेळ हीच होती. घराला दार नाही, खिडकी नाही, पाणी नाही, एवढं एका दमात सांगता आलं असतं. पण दोन मजले वर राहणारा भाडेकरू जिन्यात थांबून ऐकत होता, आणि काल त्यानंच मला विचारलं होतं, 'रिव्हर व्ह्यू म्हणजे नदीच का?'

"जमेल की," मी म्हणालो.

म्हातारा गेल्यावर बायको बाहेर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हिशेब घेऊन आली. नवी खोली म्हणजे नवं डिपॉझिट आणि आत्ताच्या दीडपट भाडं. "एक तर हप्ता भरू, नाहीतर नवं भाडं. दोन्ही होणार नाही. हप्ता चुकला तर बँक, आणि बुकिंग रद्द केलं तर बिल्डर कापून घेणार. कुठल्या हातानं हे घर सोडायचं ते तुम्ही सांगा. मुहूर्तही तुम्हीच काढा."

दिवाळीपर्यंत मी खोल्या बघत फिरलो. शिफ्ट सुटली की चिखली, भोसरी, डुडुळगाव. कुठं 'फॅमिली चालेल, पण पाणी एक दिवसाआड', कुठं 'डिपॉझिट आधी'. बिल्डरच्या ऑफिसात टायवाला बदलला होता. नव्यानंही टाय लावला होता.

पाडव्याला साडूची वास्तुशांत. लिफ्टनं वर गेलो. लिफ्टमध्ये आरसा होता, तो मला पाहावेना. दारावर पाटी, दाराला चौकट, चौकटीला तोरण. सगळं जिथल्या तिथं. दूध पहिल्या फटक्यात उतू गेलं. जेवणं झाल्यावर साडूनं ड्रिल मशीन काढलं आणि सगळ्यांसमोर हॉलच्या भिंतीला, स्वतःच्या भिंतीला, घर्रकन भोक पाडलं. कुणाला विचारलं नाही. भिंतीची पांढरी भुकटी खाली पडली. इतकं सुंदर भोक मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी मागच्या बाल्कनीत गेलो. समोर बी विंग. सातव्या मजल्यावर माझं भगदाड, आणि त्यात वाळलेलं तोरण वाऱ्यावर हलत होतं.

साडू मागून आला. "दाजी, ताईनं सांगितलं हिला, खोलीचं. एवढा विचार कसला करता? आमच्याकडं या. दुसरी बेडरूम रिकामीच आहे."

रिकामीच. त्या 'च'नं माझा जीव घेतला. माणसाकडं एक बेडरूम नुसती रिकामी पडून असते, आणि तो ती अशी हातावर ठेवतो, पेढ्यासारखी. "बघू," मी म्हणालो. बघू म्हणजे हो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुसरी वाट नव्हती.

भाऊबीज करून साडूची मंडळी गावी गेली. तुळशीला पाणी घालायला किल्ली आमच्याकडं ठेवली. त्यानंतरच्या रविवारी घरमालक सकाळीच धुतलेली टोपी घालून आला. हातात नारळ, पिशवीत बायकोसाठी खण.

"चला पाव्हणं. घर दावा. भाडेकरू घर बांधून निघाला अन् आमी वटी भरली न्हाई, आसं न्हाई झालं कदी."

खूप टाळलं. शिफ्ट आहे म्हणालो. रविवार आहे म्हणाला. रस्ता खराब आहे म्हणालो. मी हितलाच हाय म्हणाला. शेवटी रिक्षात तो मध्ये, एका बाजूला मी आणि एका बाजूला बायको.

गेटमधून आत गेलं की डावीकडं ए विंग, उजवीकडं बी. माझ्या खिशात साडूची किल्ली होती. मला आजही सांगता येत नाही की ती खिशात कशी आली. तुळशीला पाणी बायको घालायची. पाय आपोआप डावीकडं वळले. लिफ्ट, आरसा, पितळी कडी. पाटीवरच्या आडनावाचं काय करायचं, त्यावरही वाटेत विचार करून ठेवला होता: साडूनं चुकून लावली. म्हाताऱ्यानं तिथं नारळ ठेवला असता, "लई ब्येस" म्हणाला असता आणि आम्ही तुळशीच्या लग्नाला खोल्या सोडून साडूच्या बेडरूममध्ये आलो असतो. तरी पाय डावीकडंच.

"कुठं निघालात?" बायको म्हणाली. चांगलं मोठ्यानं म्हणाली, आणि म्हाताऱ्याकडं वळली. "बाबा, आपलं घर इकडं आहे. त्याला अजून दार नाही."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग बी विंगकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "चला तर," म्हणाला आणि हेल्मेट टोपीवरच चढवलं.

प्रत्येक मजल्यावर तो टेकायचा आणि विचारायचा, "आलं का?" वर पोचल्यावर भगदाडात थांबून त्यानं आत बघितलं. कबुतरांनी पूजेच्या जागेचा ताबा घेतला होता. त्यांना मिळाला होता. रांगोळी अर्धी उडालेली. तो सिमेंटच्या गोणीवर बसला.

"हितं पूजा घातली?"

"हो."

"दार न्हाई, खिडकी न्हाई. अन् हप्ता?"

"हप्ता आहे," बायको म्हणाली.

"म्हंजी माझं भाडं बी, अन् ह्या भोकाचं बी?"

"दोन्ही."

"अन् मला म्हनला, जमंल! आरं, जानार कुठं व्हता?"

मी समोरच्या ए विंगकडं बोट केलं. तिसरा मजला. कुंडीतली तुळस इथूनही दिसत होती. "तिकडं. माझ्या साडूच्या बेडरूममध्ये."

"साडूच्या?" म्हाताऱ्याचा आवाजच बदलला. "साडूच्या घरात ऱ्हानार?"

"रिकामीच आहे," मी म्हणालो.

त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. टोपी नीट केली. मग नदीकडं बघत म्हणाला, "मला बी साडू हाय. म्हाळुंग्याचा. दोघांची जमीन सारखी. मी आदी इकली, त्यो दोन साल थांबला. त्याला माझ्या तिप्पट भाव आला." मांडीवरचं हेल्मेट त्यानं फिरवलं. "मानूस लई ग्वाड. दर दिवाळीला गाडी धाडतो मला न्यायला. मी जातो. जेवतो. पर घास उतरत न्हाई, पाव्हणं. आजून न्हाई उतरत."

मी त्याच्या शेजारच्या गोणीवर बसलो. एवढ्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच शेजारी बसलो असू.

"मानसानं भाड्यानं ऱ्हावं," तो उठत म्हणाला, "पर साडूच्या घरात ऱ्हाऊ नये. नातवाला वरची पत्र्याची खोली नीट करून देतो. लगीन त्याला, घाई त्याला. दार बसलं की सांगा, तवर ऱ्हावा." नारळ त्यानं भगदाडाच्या तोंडाशी ठेवला. बायकोची ओटी मात्र तिथं भरली नाही. "ती दार बसल्यावर," म्हणाला.

संध्याकाळी तो आमच्या खोलीत आला, हातात हातोडी आणि एक खिळा. सुनेनं सांगितलं असावं, किंवा पूजेची घड्याळं पलंगाखाली खोक्यात पडून आहेत हे त्यानं आधीच पाहिलं असेल. "येकच," त्यानं बजावलं आणि भिंतीवर स्वतः ठोकला. मग खोकी उघडून एकेक घड्याळ कानाला लावू लागला. बाकीच्यांत सेल नव्हते. साडूनं त्याच्या घड्याळात सेल घालून दिला होता.

"ह्ये लावा," म्हातारा म्हणाला. "ह्ये चालतंय."

हप्ता चालू आहे, भाडंही चालू आहे. बी विंगला आता गुढीपाडव्याचा वायदा आहे. साडूला तिकडं येत नाही असं कळवलं तेव्हा तो मनापासून हिरमुसला. त्यानं आमच्यासाठी त्या बेडरूमला पंखा लावून घेतला होता. मध्ये एकदा आला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघून किती खूश झाला. "दाजी, एवढ्या घड्याळांत माझंच लावलंत!"

"तुमचंच," मी म्हणालो.

पहाटे पहिल्या शिफ्टला उठलो की आधी त्याचं नाव वाचतो, मग किती वाजले ते बघतो.